आमची ओसरी : मेद गेला, त्वचा राहिली

गेल्या माघांत माझ्या धाकट्या बंधूच्या नातवाची मुंज झाली. मातृभोजन आटोपून बायकामंडळी माजघरांत विसावली होती. परगांवाहून आलेल्या आमच्या वडील भगिनी, ज्यांना घरांतील लहानथोर सारेच आत्याबाई म्हणतात, बटूच्या आईकडे निरखून पाहत सर्वांदेखत म्हणाल्या, "अगं, किती ओढलीस ही! गालफडें बसलीं, दंड लोंबूं लागले. यापेक्षां आधीं भरलेली होतीस तीच बरी दिसत होतीस." सूनबाई हंसली, आणि ताटें उचलण्याच्या निमित्तानें उठून गेली. आत्याबाईंच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. आपल्या घरांतून प्रकृतीची विचारपूस करण्याची रीतच अशी आहे, कीं विचारणाराचें समाधान व्हावें आणि उत्तर देणाराचा जीव अर्धा व्हावा. दुसऱ्या दिवसापासून सूनबाईनें कोपराखालपर्यंत बाह्यांचीं पोलकीं घालण्यास आरंभ केला, हें आमच्या सौ.च्या ध्यानांत आलें. माझ्या आलें नव्हतें.

चार दिवसांनीं मंडळी पांगल्यावर ती ओसरीवर आली आणि उभ्यानेंच म्हणाली, "काका, एक विचारूं? पूर्वींसारखे चार घास जास्त जेवूं लागलें, तर हें पुन्हा भरून येईल ना?"

या प्रश्नानें मी चपापलों. अडीच वर्षांपूर्वीं हिचें वजन १०४ किलो होतें. वय अवघें छत्तीस, रक्तांत साखर, आणि देवघरापासून माडीपर्यंत जातांना दोनदां कठड्याला धरून थांबावें लागे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली, पथ्य झालें, चालणें झालें. आज वजन ७२ किलो आहे आणि आठ महिने तेथेंच स्थिर आहे. साखरेच्या गोळ्यांपैकीं एक बंद झाली, दुसरी निम्म्यावर आली. असें असतां केवळ दंडांवरील व पोटावरील सैल कातडीपायीं ही मुलगी तो सारा व्याधि पुन्हा घरांत बोलावण्यास तयार झाली होती. म्हणून मीं तिला सांगितलें, "थोडें थांब, मी वाचतों, विचारतों, मग बोलूं." जें वाचलें, आणि परिचित डॉक्टरांकडून पडताळून घेतलें, तें या महिन्याच्या ओसरीवर मांडतों. कारण मेद उतरविणारीं नवीं इंजेक्शनें २०२५ सालापासून आपल्याकडेहि मिळूं लागलीं आहेत. सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचणींत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारें १५ टक्के वजन उतरलें. टिर्झेपाटाइडच्या २०२२ सालच्या चांचणींत सर्वांत मोठ्या मात्रेनें ७२ आठवड्यांत सुमारें २१ टक्के. तेव्हां सूनबाईचा प्रश्न उद्यां पुष्कळ माजघरांतून उमटणार, हें उघड आहे.

प्रथम मीं सवयीप्रमाणें जुनीं पुस्तकें उघडलीं. चरकानें सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत निंद्य म्हणून जे आठ पुरुष सांगितले आहेत त्यांत अतिस्थूल व अतिकृश हे दोघेहि आहेत, आणि अतिस्थूलाच्या वर्णनांत हालणाऱ्या पोटाचा उल्लेख स्पष्ट आहे. सुश्रुतानें शारीरस्थानांत त्वचेचे सात थर सांगितले असून, तापत्या दुधावर साय धरावी तशी ती गर्भावस्थेंत निर्माण होते अशी सुंदर उपमा योजिली आहे. परंतु स्थूलाचा कृश झाल्यावर त्या रिकाम्या त्वचेचें काय करावें, याचें उत्तर मला तेथें सांपडलें नाहीं. एकेका माणसाचें तीस-चाळीस किलो वजन दीड-दोन वर्षांत उतरण्याचा प्रसंग त्या काळीं विरळाच येत असेल. कवींकडे पाहावें तर पोटावरच्या वळ्या हें त्यांनीं सौंदर्याचें लक्षण मानलेलें! कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत कालिदासानें पार्वतीच्या मध्यभागावरील तीन वळ्या कौतुकानें वर्णिल्या आहेत. हें मीं सूनबाईला सांगितलें तेव्हां ती प्रथमच मोकळेपणानें हंसली व म्हणाली, "काका, तीन असत्या तर तक्रार नव्हती."

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. त्वचेच्या वरच्या पातळ पापुद्र्याखालीं जो जाड थर असतो, तोच तिचें खरें बळ. त्यांत दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजेन नांवाचे तंतू दोरखंडाप्रमाणें ताण सोसतात. इलॅस्टिन नांवाचे तंतू रबराप्रमाणें ताणून पुन्हा आंखडतात. कोलॅजेन शरीर आयुष्यभर थोडें थोडें नवें करीत असतें, परंतु फार सावकाश. इलॅस्टिनची गोष्ट निराळी आहे. तें बहुतेक सारें जन्मापूर्वीं व बाळपणीं तयार होतें. पुढें झिजलें वा तुटलें तर त्याच्या जागीं तितकें चांगलें दुसरें येत नाहीं. शिवाय, आणि ही गोष्ट मला अगदींच नवी होती, मेद वर्षानुवर्षें वाढत असतां त्वचा नुसती ताणली जात नाहीं. ती खरोखरच वाढते. प्लॅस्टिक सर्जन हाच गुण कामीं आणतात. त्वचेखालीं पिशवी ठेवून ती आठवड्या-आठवड्यानें फुगवीत नेली म्हणजे वर जास्तीची त्वचा तयार होते आणि ती भाजलेल्या जागेवर वापरतां येते. स्थूल माणसाच्या पोटाचें निसर्ग हेंच करीत असतो.

दिवाळींत फुगविलेला फुगा त्याच सायंकाळीं सोडला तर जवळजवळ पूर्ववत् होतो. तोच तुळशीच्या लग्नापर्यंत टांगून ठेवला तर हवा गेल्यावर सुरकुतलेलाच राहतो. तरुण बाळंतिणीचें पोट कांहीं महिन्यांत पुष्कळसें आंत जातें, कारण ताण नऊच महिन्यांचा असतो आणि वय अनुकूल असतें. बारा-पंधरा वर्षें वाहिलेल्या मेदाचें तसें होत नाहीं. म्हणून त्वचा किती सैल राहील हें ज्या गोष्टींवर ठरतें, त्यांपैकीं बहुतेक आपल्या हातीं नाहींत: वजन किती उतरलें, मेद किती वर्षें अंगावर होता, वय काय, आईबापांकडून त्वचा कशी मिळाली. दहा-बारा किलो उतरविणाऱ्या तरुणास सहसा कांहीं जाणवत नाहीं. तीस-चाळीस किलो उतरविणाऱ्या चाळिशींतील माणसास थोडीबहुत सैल कातडी राहणारच. त्यांत सूनबाईचा आळस नाहीं, अपराध नाहीं, आणि आत्याबाईंना वाटतें तशी प्रकृतीची हानि तर मुळींच नाहीं.

हातीं असलेल्या गोष्टींत तंबाखू पहिली. ओढलेली असो, चघळलेली असो, वा जुन्या बायका दांतांना लावीत ती मशेरी असो. विडी-सिगारेटच्या धुरानें कोलॅजेनचा नाश लवकर होतो, आणि निकोटिन कोणत्याहि वाटेनें शरीरांत गेलें तरी त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आंखडवितें. दुसरें कडक ऊन. त्यानें इलॅस्टिन खराब होतें. उन्हांत राबणाऱ्या माणसाची मान आणि त्याचीच सदर्‍याखालची पाठ शेजारीं ठेवून पाहावी, म्हणजे हें पटवून देण्याची गरज राहत नाहीं. तिसरी गोष्ट उतरण्याच्या वेगाची. आठवड्यास अर्धा ते एक किलो हें मान सर्वसाधारणपणें सुरक्षित मानतात. सावकाश उतरल्यानें त्वचा हमखास घट्ट राहते, असें मात्र कोणी छातीठोकपणें सांगूं नये. किती उतरलें याचाच परिणाम मोठा दिसतो. सावकाशीचा खरा लाभ स्नायूंना होतो.

आणि स्नायूंचें महत्त्व येथें फार आहे. वजन उतरतें तेव्हां नुसता मेद जात नाहीं. पथ्यानें, औषधानें वा शस्त्रक्रियेनें उतरलेल्या वजनाचा चतुर्थांश किंवा त्याहूनहि अधिक भाग मेदेतर, म्हणजे मुख्यतः पाणी व स्नायू, असूं शकतो. मेद गेला आणि खालचे स्नायूहि वाळले म्हणजे त्वचेला आधार उरत नाहीं, आणि दंड-मांड्या आहेत त्याहून अधिक रिकाम्या दिसतात. नुसतें चालून हें टळत नाहीं. चालणें हृदयास उत्तम, परंतु स्नायूंना ओझें लागतें, आणि तें हळूहळू वाढतें लागतें. औंधच्या राजेसाहेबांनीं ज्यांचा महाराष्ट्रभर प्रसार केला ते सूर्यनमस्कार चांगलेच आहेत; मात्र शंभर किलोच्या माणसाच्या गुडघ्यांना व मनगटांना ते आरंभीं झेपत नाहींत. अशानें खुर्चीवरून हात न टेकतां उठावें व बसावें, भिंतीला हात लावून जोर काढावेत, पाण्यानें भरलेल्या दोन बाटल्या घेऊन हात उचलावेत. आठवड्यांतून दोन-तीन दिवस पुरेत, पण महिन्यामागून महिना ओझें वाढत गेलें पाहिजे. सूनबाई आतां अर्धी कळशी उचलून व्यायाम करते. मुलें तिला भीमसेन म्हणतात. व्यायामानें त्वचा आंखडते असें नव्हे. ती ज्यावर पसरली आहे तें भरीव होतें, एवढेंच.

यापुढील गोष्ट आपल्या स्वयंपाकघराला जरा झोंबणारी आहे. स्नायू टिकण्यास प्रथिनें लागतात, आणि आपल्या शाकाहारी घरांत तीं वाटतात त्याहून पुष्कळ कमी पोटांत जातात. बैठें काम करणाऱ्या निरोगी माणसासहि वजनाच्या दर किलोमागें सुमारें ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात. म्हणजे ७० किलोच्या माणसास ५८ ग्रॅम. वजन उतरविणाऱ्यास याहून अधिक सांगतात, आणि जठराची शस्त्रक्रिया झालेल्यास साधारणतः दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. आतां आपला हिशेब पाहा. तुरीच्या डाळींत शेंकडा सुमारें २२ भाग प्रथिनें खरीं, पण आपल्या पातळ वरणाच्या वाटींत डाळ असते पंचवीस ग्रॅम. प्रथिनें पांच-साडेपांच ग्रॅम. पेलाभर दुधांत सहा-सात. मग साठाची भरती कशी व्हावी? त्यांतून एकादशी, चतुर्थी, सोमवार! उपासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन "आज कमी जेवलें" असें समाधान मानणाऱ्या भगिनींस माझें नम्र सांगणें आहे, कीं शंभर ग्रॅम साबुदाण्यांत एक ग्रॅमहि प्रथिन नसतें. जें कांहीं असतें तें दाण्याच्या कुटांत, आणि त्याबरोबर तेलहि भरपूर. आमच्या घरीं आतां वरण दाट होतें, सकाळीं मुगाचें धिरडें असतें, शंभर ग्रॅम पनीर म्हणजे अठरा ग्रॅम प्रथिनें हें नातवंडांनाहि पाठ झालें आहे, आणि सोयाबीनचें पीठ पोळीच्या कणकेंत शिरलें आहे. ज्यांच्या मूत्रपिंडाला विकार आहे त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून हें वाढवूं नये. कोलॅजेन जोडण्यास क जीवनसत्त्व अवश्य लागतें. त्याच्या अभावीं हिरड्यांतून रक्त येऊन जखमा उकलतात, तो स्कर्व्ही रोग प्रसिद्धच आहे. आंवळा, पेरू, लिंबू घरांत असलें कीं तें भागतें. जास्तीचें घेतल्यानें जास्त घट्टपणा येत नाहीं.

लेपांच्या व मलमांच्या बाबतींत मला थोडें कठोर लिहावें लागत आहे. सूनबाईनें मला न सांगतां एका दुकानांतून "त्वचा आंवळणारें" मलम तीन महिने आणविलें होतें. त्या पैशांत वर्षाची डाळ भरतां आली असती. त्वचेंतून सहज आंत शिरूं शकणाऱ्या रेणूंचें आकारमान सुमारें ५०० डाल्टनपर्यंत असतें, असा एक मान्य आडाखा आहे. कोलॅजेनचा रेणू सुमारें तीन लाख डाल्टनांचा. हत्तीनें देव्हाऱ्यांत शिरावें तसा हा प्रकार! मलमानें त्वचा मऊ राहते, खाज कमी होते, तेवढें खोबरेल तेलहि करतें. घाम आणणारे पोटाचे पट्टे पाणी काढतात. तें पाणी पेलाभर प्यालें कीं परत येतें, आणि पट्ट्याखालीं पुरळ उठतें तो निराळा. आपल्या वाग्भटानें दिनचर्येंत उटण्याचे गुण सांगतांना अवयव स्थिर होतात असें म्हटलें आहे, हें मला ठाऊक आहे, आणि दिवाळीचें उटणें मला स्वतःला फार प्रिय आहे. पण तेवढ्या आधारावर वाढलेली त्वचा उटण्यानें आंखडेल असें सांगण्यास मी धजत नाहीं.

प्रत्यक्ष त्रास होतो तो घड्यांचा. पोटाच्या लोंबत्या घडीखालीं, छातीखालीं, जांघेंत घाम सांचतो, त्वचा त्वचेवर घासते, लाली येते, आणि ओलाव्यांत बुरशी वाढते. मधुमेह असल्यास अधिकच. स्नानानंतर जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानें, न घासतां टिपून, घडी उचलून कोरडी करावी. पावसाळ्यांत घडींत सुती पट्टी ठेवावी आणि ती ओली होतांच बदलावी. पावडरीचे थर देऊं नयेत, त्यांचा चिखल होतो. लाली दोन-चार दिवसांत न गेली, भोंवतीं बारीक पुळ्या दिसल्या वा वास येऊं लागला, तर डॉक्टरांस दाखवावें. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत वाचावी: औषधाच्या दुकानांतून शेजारणीनें सांगितलेलें, खाज क्षणांत थांबविणारें मिश्र मलम आणूं नये. त्यांत बहुधा स्टेरॉइड असतें. खाज थांबते, पण बुरशी दबून पुढें चिवट होते, आणि घडींतली मुळांतच थकलेली त्वचा अधिक पातळ होऊन तिच्यावर ताणाचे पट्टे उमटतात.

आतां प्रश्न उरला तो वाट किती पाहावी याचा. वजन स्थिर झाल्यावरहि त्वचा कित्येक महिने, कधीं वर्ष-दीड वर्ष, थोडी थोडी आंखडत राहते. चिमटींत धरून पाहावें: घडी बोटभर जाड लागली तर आंत अजून मेद आहे, कागदासारखी पातळ लागली तर ती केवळ त्वचा आहे, आणि ती तेवढी कोणत्याहि व्यायामानें जाणार नाहीं. तेथें शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि ज्याला गरज आहे त्यानें तो करण्यांत नटवेपणा नाहीं. त्वचा उचलून दुसरीकडे बसविण्याच्या आपल्या कलेची बातमी तर पुण्याजवळून युरोपांत गेली. टिपूच्या लोकांनीं नाक कापलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाचें नाक कपाळाच्या त्वचेपासून कसें नवें केलें, हा वृत्तान्त १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें छापून आला, आणि त्यावरून स्फूर्ति घेऊन कार्प्यू या सर्जननें १८१४ सालीं तेथें तशी शस्त्रक्रिया केली. त्या आपल्या कारागिरानें कपाळाच्या त्वचेचा देंठ भुंवयांमध्यें जोडलेलाच ठेवला होता, म्हणून तिला रक्त मिळालें व ती जगली. आजच्या सर्जनलाहि चिंता तीच असते. तंबाखू सोडून निदान चार आठवडे झाल्यावांचून ते सुरी उचलीत नाहींत, तें याचसाठीं. निकोटिननें रक्त आटलें कीं शिवलेली कडा काळी पडते.

जठराच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने जाऊं द्यावे लागतात, वजन कांहीं महिने स्थिर असावें लागतें, रक्त व प्रथिनें पुरेशीं आहेत याची खात्री करतात, आणि पुढें मूल हवें असेल तर आधीं तें होऊं द्यावें म्हणतात. पोटावरील त्वचा काढतांना ओटीपोटावर एका कंबरेपासून दुसऱ्या कंबरेपर्यंत व्रण राहतो. तो फिकट होतो, नाहींसा होत नाहीं. जखमेखालीं पाणी सांचणें, पू होणें, पायाच्या शिरेंत रक्त गोठणें, हे धोके खरे आहेत, म्हणून शिक्षित प्लॅस्टिक सर्जन व सुसज्ज रुग्णालय यांवांचून त्या वाटेस जाऊं नये. सहा आठवडे जड उचलणें बंद. विमा कंपन्या केवळ रूपासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाहींत. घडींतील पुरळ वारंवार होत असल्यास त्याचे कागद तारखांसह जपून ठेवावेत, आणि आधीं कंपनीस लेखी विचारावें.

हें सारें मीं सूनबाईस दोन-तीन बैठकींत सांगितलें. "चार घास जास्त" हा विचार तिनें सोडला, कारण त्यानें आधीं साखर परत येईल, आणि मेद पुन्हा उतरवितांना त्वचा आहे त्याहून सैल होईल, हें तिला उमगलें. या वर्षींच्या पावसाळ्यांत घडींत दोनदां जखम झाली, तेव्हां पोटाची शस्त्रक्रिया करावयाची असें तिनें व माझ्या पुतण्यानें ठरविलें. दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे. दंडांना हात लावावयाचा नाहीं असें तिचें म्हणणें. तेथें दुखत नाहीं, आणि नवरात्रांत तिनें जुनीं आंखूड बाह्यांचीं पोलकीं शिंप्याकडून आंत घेऊन आणलीं आहेत. सहा आठवडे पाणी भरण्याचें काम माझ्याकडे आलें असून मुलांचा अभ्यास त्यांच्या आजोबांकडे. आत्याबाईंना कोणी कळविलें कोण जाणे. परवां त्यांचा फोन आला. "स्वयंपाकाला मी येतें," म्हणाल्या, "पण तुझ्या घरांत आतां एकादशीला साबुदाणा शिजत नाहीं म्हणतात, तें खरें का रे?"